टेबल नुसतं अडवतं का? माटोळीच्या प्रकल्पाच्या नोंदी

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

नववीच्या वर्गात टेबलावर पुस्तक ठेवलं आणि विचारलं, यावर कुठकुठली बलं काम करतात? वजन खाली, हे सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. आणखी? कुणी बोलेना. शेवटी मीच फळ्यावर वरच्या दिशेने बाण काढला आणि सांगितलं, टेबल पुस्तकाला वर ढकलतं. सगळ्यांनी वहीत बाण उतरवून घेतला. तास संपता संपता खिडकीजवळचा मुलगा हळूच कोकणीत म्हणाला, "टीचर, टेबल फकत आडायता."

टेबल नुसतं अडवतं. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे व्याख्या होती, दाखवायला काही नव्हतं. भिंत अडवते, कुंपण अडवतं, त्यात ढकलणं कुठे आलं? ज्याने कधी भिंतीला ढकलताना पाहिलेलं नाही, त्याने माझ्या बाणावर का विश्वास ठेवावा?

यंदाच्या प्रकल्पाला हाच विषय घ्यायचा ठरवलं. गट चौघांचा: हा मुलगा, पाडेल्याची (माडावरचे नारळ पाडणाऱ्याची) मुलगी, मेस्ताचा (सुताराचा) मुलगा, आणि जिचं अक्षर मोत्यासारखं आहे ती. नोंदवही तिच्याकडे. ही माझी वही वेगळी.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ तारखेला. खिडकीजवळच्या मुलाच्या घरी, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या जुन्या एकत्र घरात, मोठी माटोळी बांधतात. गणपतीच्या डोक्यावर छताला चौकट टांगायची आणि तिला नारळ, केळी, सुपारी, रानातली फळं बांधायची. त्या चौकटीवर एकूण किती भार येतो आणि चौकट तो कसा पेलते, हे मोजायचं. साधनं सगळी स्वतः करायची. शाळेत ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, आहे, पण त्याचा काटा रिकामा असतानाच शून्याच्या खाली उभा राहतो.

४ ऑगस्ट, सोमवार

स्प्रिंग कुठून आणायची यावर अर्धा तास गेला. बॉलपेनातली फार लहान. मेस्ताच्या मुलाने पडद्याची स्प्रिंग सुचवली, खिडकीला पडदा लावताना दोन हुकांमध्ये ताणतात ती. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. वरचं प्लास्टिकचं आवरण सोलून काढलं, वीस सेंटिमीटरचा तुकडा कापला, दोन्ही टोकांची वेटोळी पक्कडीने उचकटून हूक केले.

वजनं म्हणून पाणी. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलोग्रॅम, आणि मोजनळी प्रयोगशाळेत आहेच. रिकामी बाटली आणि दोरी धरून किती होतं ते तागडीत तोलून आधीच लिहून ठेवलं: ३० ग्रॅम. त्यामुळे ५०० ग्रॅम हवं तर ४७० मिलिलिटर पाणी भरायचं. हा हिशेब मुलांनी मी न सांगता केला.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिली मापं. स्प्रिंगची लांबी सेंटिमीटरमध्ये:

रिकामी २०.०
१०० ग्रॅम: २०.०
२०० ग्रॅम: २०.०
५०० ग्रॅम: २१.५
१००० ग्रॅम: २४.९
१५०० ग्रॅम: २८.४
२००० ग्रॅम: ३१.८

मोत्याच्या अक्षराची मुलगी हिरमुसली. पुस्तकात लिहिलंय, भार दुप्पट तर ताण दुप्पट. इथे पहिल्या दोन मापांना स्प्रिंग ढिम्म. तिने दोनदा बाटली बदलली, फूटपट्टी बदलली. मी थांबवलं नाही, कारण आकडे खरे होते आणि तिचा संशयही रास्त होता.

आलेखावर बिंदू मांडल्यावर ५०० ग्रॅमपासून पुढचे चारही एका सरळ रेषेत आले. दर ५०० ग्रॅमला साडेतीन सेंटिमीटरला थोडंसं कमी, ३.४५ धरलं. रेषा मागे वाढवली तर ती २८० ग्रॅमच्या आसपास येऊन टेकते, शून्याला नाही. हे या जातीच्या स्प्रिंगचं वैशिष्ट्यच. कारखान्यात तार गुंडाळतानाच तिला असा पीळ देतात की वेटोळी एकमेकांवर दाबून बसतात. आधी तो दाब फेडायचा, मग वेटोळी सुटायची. म्हणजे २८० ग्रॅमपर्यंतचा भार स्प्रिंग पेलते, पण लांबीत काहीच दिसत नाही.

खिडकीजवळचा मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे तोवर ती अडवते." बरोबर पकडलं त्याने. मी म्हटलं, हे लक्षात ठेव, आपण याच्याकडे परत येणार आहोत.

बलस्थिरांक काढला, म्हणजे स्प्रिंग ताणायला दर मीटरला किती बल लागेल तो आकडा. ५०० ग्रॅमचं वजन ४.९ न्यूटन, ताण ०.०३४५ मीटर, भागाकार १४२ न्यूटन प्रति मीटर. पाडेल्याच्या मुलीने विचारलं, हा आकडा मोठा की लहान? आकड्याने उत्तर देण्यापेक्षा तिच्या हातात स्प्रिंग दिली आणि बॉलपेनाची दुसऱ्या हातात. बोटांना फरक कळला की आकडा कशासाठी असतो ते कळतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अपघात. मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातल्या मुलांनी आमच्या स्प्रिंगला पाण्याची बादली टांगली. चार किलोच्या वर असेल. स्प्रिंग तुटली नाही, पण सोडल्यावर २३.४ सेंटिमीटरवर येऊन थांबली. वेटोळ्यांमधून उजेड दिसतो.

चौघं रडवेली झाली. मलाही वाईट वाटलं, सोललेली आणि हूक केलेली स्प्रिंग पुन्हा करायची म्हणजे एक दिवस गेला. पण ती टाकून दिली नाही. तिच्यावर पुन्हा मापं घेतली आणि जे दिसलं ते फार मोलाचं: आता २०० ग्रॅमलाही ती हलते. आतला पीळ गेला, वेटोळी सुटी झाली, आणि नव्या लांबीपासून पुढे पुन्हा सरळ रेषा मिळते, जवळपास त्याच चढाची. म्हणजे धातू कमजोर झाला नाही, त्याने नुसतं घर बदललं. मर्यादेपर्यंत ताणलं तर पदार्थ मूळ आकाराला परततो, मर्यादेपलीकडे नेलं तर नव्या आकाराला आपला मानून बसतो. स्थितिस्थापकतेची मर्यादा हा शब्द आज चौघांना फळ्याकडे न बघता लिहिता आला.

नव्या स्प्रिंगला मेस्ताच्या मुलाने एक युक्ती केली. बाजूने ३२ सेंटिमीटरची सुतळी सैल बांधली. दोन किलोच्या पुढे भार गेला की सुतळी ताठ होते आणि पुढचा भार तीच घेते. त्याच्या वडिलांनी सांगितलं असेल असं वाटलं, पण विचारलं तर म्हणाला, कुत्र्याच्या साखळीवरून सुचलं.

११ ऑगस्ट, सोमवार

आजचा तास एका शब्दावर गेला आणि तो जायलाच हवा होता.

बाजारात आपण विचारतो, वजन किती? उत्तर येतं, दोन किलो. पुस्तकात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आणि वजन न्यूटनमध्ये. मराठीत हा घोटाळा शब्दातच भरलेला आहे: रोजच्या बोलण्यातलं वजन म्हणजे शास्त्रातलं वस्तुमान. मुलांना "तुमचं चूक" म्हणून चालत नाही, कारण त्यांच्या आईबापांची भाषा चूक नाही. बाजाराला पदार्थ किती आहे एवढंच हवं असतं.

मग फरक दाखवायचा कसा? तागडी आणि ताणकाटा शेजारी ठेवले. तागडीत नारळ एका बाजूला, पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या बाजूला. पृथ्वी दोन्ही पारड्यांना सारखीच ओढते, त्यामुळे ती जास्त ओढो की कमी, तागडी तेच सांगणार. ताणकाट्याला मात्र दुसरं पारडं नाही. तो पृथ्वीची ओढ थेट स्प्रिंगच्या ताणाशी जुळवतो. ओढ बदलली की त्याचं माप बदललं.

ओढ बदलते, तीही इथेच, या पृथ्वीवर. आमच्या अक्षांशावर समुद्रसपाटीजवळ गुरुत्वत्वरण ९.७८, ध्रुवांवर ९.८३. फरक अर्ध्या टक्क्याचा. आमच्या फूटपट्टीला तो दिसणार नाही, म्हणून आम्ही सरसकट ९.८ धरतो.

न्यूटन हाताला कळावा म्हणून प्रत्येकाच्या तळहातावर मुठीएवढा पेरू ठेवला. शंभर ग्रॅमच्या आसपासचे निवडून आणले होते. एक न्यूटन म्हणजे एवढं. पुढच्या पूर्ण आठवड्यात कुणी न्यूटन म्हटलं की पोरं पेरू म्हणत होती, आणि मी अडवलं नाही. "नारळ किती पेरू?" "तेरा पेरू, टीचर."

१३ ऑगस्ट, बुधवार

रबर. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापली. वाढत्या भाराने मापं घेतली, मग एकेक बाटली काढत उतरत्या भाराने. त्याच ५०० ग्रॅमला चढताना २१.३ सेंटिमीटर, उतरताना २२.१. स्प्रिंगला असं होत नाही, रबराला होतं. आलेखावर जायची वाट वेगळी, यायची वेगळी, आणि मधे एक बारीक पान तयार होतं. त्या पानाचं क्षेत्रफळ म्हणजे परत न मिळालेली ऊर्जा. ती उष्णता होऊन रबरातच राहते.

उष्णतेवर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून रुंद रबरबँड दिले. वरच्या ओठाला टेकवून झटकन ताणा. गरम लागतं. ताणलेला तसाच धरा, थंड होऊ द्या, मग ओठाला टेकवून सोडा. गार लागतं. सगळा वर्ग दहा मिनिटं ओठांना रबरबँड लावून बसला होता. ही ऊब मुख्यतः ताणल्याबरोबर रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या सरळ होतात तिची. पानातली ऊर्जा याहून वेगळी आणि थोडी. दोन्ही गोष्टी एकच समजू नका असं बजावून सांगितलं, कारण मी स्वतः बरीच वर्षं त्या एकच समजत होते.

हूकचा नियमही आजच सांगितला. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये आपला शोध चौदा अक्षरं वर्णक्रमाने मांडून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून दिला: जसा ताण, तसं बल. रबर हा नियम पाळत नाही, हे आम्हाला स्वतःच्या मापांवरून दिसलं होतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज त्या वाक्याचा दिवस.

प्रयोगशाळेतलं जुनं लाकडी टेबल रिकामं केलं. एका कडेजवळ छोटा आरसा चिकणमातीवर किंचित तिरका बसवला. लेझरचा ठिपका आरशावर पाडला, तो परावर्तित होऊन पाच मीटरवरच्या भिंतीवर. भिंतीला आलेखाचा कागद. दिवे बंद केले. लेझर डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवला आणि त्या बाजूला कुणालाही जाऊ दिलं नाही.

पहिल्यांदा फसलं. लेझर त्याच टेबलावर ठेवला होता. टेबल हललं की लेझरही हलतो, मग काय कशामुळे झालं ते कळेना. लेझर खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवला तेव्हा ठिपका स्थिर झाला.

मग टेबलाच्या मध्यावर एक लिटरची बाटली ठेवली. ठिपका दोन मिलिमीटर सरकला. बाटली उचलली, ठिपका परत जागेवर. दोन बाटल्या, चार मिलिमीटरच्या थोडं पुढे. वर्गात कुणी श्वास घेत नव्हतं. खिडकीजवळच्या मुलाला म्हटलं, आता तू चढ. तो चपला काढून टेबलावर बसला आणि ठिपका कागदावरून पार खाली घसरला, जवळजवळ चार बोटांइतका. तो उतरला, ठिपका वर आला. मी काही बोलले नाही. तो पुन्हा चढला, स्वतःहून, आणि भिंतीकडे बघत बसून राहिला.

मग तो म्हणाला, "वाकलं म्हणजे स्प्रिंगच की."

तेच. टेबलही फार ताठ स्प्रिंग आहे. वस्तू ठेवली की ते वाकतं, वाकलं की लाकडातले कण एकमेकांपासून दूर ओढले जातात किंवा जवळ दाबले जातात, आणि परत येण्यासाठी जोर लावतात. तोच वरचा बाण. वाकणं डोळ्यांना दिसत नाही म्हणून आपण त्याला अडवणं म्हणतो.

मोत्याच्या अक्षराच्या मुलीने जो प्रश्न विचारला तो मला आजच्या दिवसातला सगळ्यात मोठा वाटतो: टेबलाला कळतं कसं की किती जोराने ढकलायचं? नारळाला तेरा न्यूटन, पुस्तकाला पाच, तिला चारशे. उत्तर वाकण्यातच आहे. वस्तू ठेवल्यावर टेबल वाकत जातं, वाकेल तसा त्याचा जोर वाढतो, आणि जोर वजनाइतका झाला की वाकणं थांबतं. टेबलाला काही ठरवावं लागत नाही.

आणि पाच तारखेची ती स्प्रिंग, २८० ग्रॅमपर्यंत न हलणारी? मुलाने ती आठवण स्वतःच काढली. तिथेही वेटोळी एकमेकांवर दाबलेली होती. भार वाढला तसा तो दाब कमी होत गेला, आणि तोही बारीक बदल घडवूनच. आमच्या फूटपट्टीला दिसला नाही इतकंच.

एक गोष्ट निक्षून सांगितली, कारण परीक्षेत यावर हमखास गल्लत होते. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा जोर ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. पृथ्वी पुस्तकाला ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबल पुस्तकाला ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला ढकलतं. जोडीतली दोन बलं नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दोऱ्या तिरक्या असतील तर काय? दोन स्प्रिंगा, मधे एक किलोची बाटली. दोन्ही उभ्या धरल्या तर प्रत्येकीवर अर्धा किलो. हळूहळू बाजूला नेल्या. आडव्यापासून ३० अंशांवर आल्या तेव्हा दोन्हींवर एकेक किलो. मुलांना हे मान्यच होईना: एकाच बाटलीचा भार दोघींनी वाटून घेतला, तरी प्रत्येकीवर पूर्ण बाटली? १५ अंशांवर १.९ किलो, आणि सुतळी ताठ व्हायला आली. कपड्यांची दोरी कितीही ओढली तरी ओले कपडे टाकल्यावर मधे झोल पडतोच, तो का पडतो ते आज कळलं. पूर्ण आडव्या दोरीला वर ओढायला काही उरतच नाही.

माटोळीच्या चारी दोऱ्या उभ्याच ठेवायच्या, असं गटाने एकमताने लिहिलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या राष्ट्रीय अंतराळ दिवस, २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरलं त्याचा. प्रज्ञान रोव्हर २६ किलोग्रॅमचा. इथे त्याचं वजन २५५ न्यूटन, चंद्रावर १.६२ ने गुणलं तर ४२. पाडेल्याच्या मुलीने हिशेब करून सांगितलं, तिथे तो आपल्या केळीच्या अर्ध्या घडाएवढाच ओढला जातो. घड अजून तोललेला नाही, पण तिचा अंदाज मी लिहून ठेवते. तिच्या वडिलांबरोबर ती लहानपणापासून माडाखाली उभी आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे आजोबा माटोळी बांधतात, साठेक वर्षं झाली असतील. चौकट पोफळीच्या रिपांची, दर काही वर्षांनी बदलतात. एक नवी रीप आम्हाला मापायला दिली: दीड मीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद, दोन जाड. दोन विटांवर आडवी ठेवली आणि मध्यावर पाच किलो टांगले. १३ मिलिमीटर झोल. रीप कडेवर उभी केली, तोच भार: ३ मिलिमीटर. लाकूड तेच, भार तोच. झोल जाडीच्या घनाने कमी होतो आणि रुंदीच्या प्रमाणात, त्यामुळे दोन आणि चारची अदलाबदल केली की चौपट फरक पडतो. मेस्ताच्या मुलाला हे नवीन नव्हतं. "बाबा वासा कधी आडवा घालत नाहीत."

आजोबा शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "जड ते कोपऱ्याकडे, हलकं ते मधे. माझे आजोबा असंच बांधायचे." लगेच ताडून पाहिलं. रीप पुन्हा आडवी, पाच किलोचा भार मध्यावरून काढून टोकापासून पंधरा सेंटिमीटरवर नेला. मध्यातला झोल १३ वरून ४ मिलिमीटरवर आला. आजोबांना आकडा दाखवला. त्यांनी फूटपट्टी स्वतःच्या हातात घेऊन परत एकदा वाचला.

बांधायला केवणीची साल. रानातून आणून पाण्यात भिजत घातली होती. एका पट्टीला पिशवी टांगून हळूहळू वाळू ओतली. बारा किलोला तुटली, आणि तुटेपर्यंत जवळजवळ लांबली नाही. नायलॉनची दोरी तेवढ्याच भाराला बोटभर लांबते आणि परत येते. आजोबांना केवण का आवडते हे विचारलं. ते म्हणाले, गाठ बसली की सरकत नाही. ताकदीचं त्यांनी नावही काढलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज तय, चवथीच्या आदला दिवस. काल डिचोलीच्या माटोळीच्या बाजारातून सामान आलं, थोडं रानातून. पावसाने सगळ्या अंगणात चिखल.

केळीचा घड आमच्या स्प्रिंगच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून तरफ केली. जाड बांबूचं एक टोक पेरूच्या फांदीला बांधलं, त्या टोकापासून २० सेंटिमीटरवर घड, १२० सेंटिमीटरवर आमचा ताणकाटा. नुसत्या बांबूचं माप ०.५ किलो, घडासकट १.८. फरक १.३, त्याला सहाने गुणलं: ७.८ किलो. पाडेल्याच्या मुलीचा अंदाज होता अर्धा घड ४२ न्यूटन. निघाला ३८.

हिशेब मोत्याच्या अक्षराच्या मुलीने वहीत मांडला, मी इथे उतरवते. चौकट ५.५ किलो, पाच असोले नारळ ६.४, केळी ७.८, सुपारीचा कातरा २.९, निरफणस १.५, दोन चिबूड २.६, तीन तवशीं १.८, दोन तोरिंगं ०.९, आणि कांगली, घागऱ्या, कवंडळं, आंबाडे, पानं मिळून १.८. एकूण ३१.२ किलोग्रॅम, ३०६ न्यूटन.

फळं तोलताना आजोबा प्रत्येकाचं नाव घेऊन देत होते आणि ती लिहीत होती. रानातल्या तीन फळांची नावं मला माहीत नव्हती.

बांधायच्या आधी मधल्या रिपेच्या मागे भिंतीवर मिलिमीटरचा कागद चिकटवला, रिपेच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने रेघ मारली. रिपा कडेवर उभ्या. नारळ आणि घड कोपऱ्यांना, सुपारी त्याच्या आत, निरफणस आणि चिबूड चौथाईवर, रानफळं मधे. शेवटची कवंडळं बांधून झाली तेव्हा रीप रेघेच्या ६ मिलिमीटर खाली होती. मुलगा स्टुलावर उभा होता. त्याने रिपेला खालून तळहात लावला, किंचित वर उचललं, आणि हळूच सोडलं. मग खाली उतरून मला म्हणाला, "टीचर, हात काढला तेव्हा तिने तेवढंच परत घेतलं."

३१ ऑगस्ट, रविवार

पाच दिवसांचा गणपती. विसर्जनानंतर माटोळी उतरवायला बोलावलं होतं. चढवताना भाराचं माप घेतलं, उतरवतानाही घ्यायचं असं ठरलेलं.

सोडायच्या आधी रीप ७ मिलिमीटरवर होती. पाच दिवसांत, भार न वाढवता, एक मिलिमीटर आणखी. उलट भार थोडा कमीच झाला होता: निरफणस १.५ वरून १.४ वर आला, केळी पिकून काहींचा प्रसाद झाला. लाकूड सतत भाराखाली राहिलं की हळूहळू आणखी वाकत जातं. पावसाळ्यातल्या ओलाव्यात हे जास्त होतं.

आजोबा केवणीच्या गाठी सोडत गेले, मुलगा आकडे मोठ्याने वाचत गेला. मधली रानफळं निघाली, सहा. चिबूड, पाच. निरफणस, साडेचार. सुपारीचा कातरा, साडेतीन. एका कोपऱ्यातले नारळ, तीन. घडाचा दांडा आणि उरलेली केळी, दोन. शेवटचे नारळ सुटले तेव्हा चौकट कडकड वाजली.

"एक, टीचर. रेघेवर नाही आली."

१ सप्टेंबर, सोमवार

शाळेला सुट्टी. सकाळी त्याने फोनवर सांगितलं, रीप आता रेघेच्या अर्धा मिलिमीटर खाली आहे, रात्रीत अर्धा परत आली. तो दुपारी पुन्हा बघणार आहे. कागद काढू नकोस म्हटलं.